मेरी केटच्या सामानाकडे लक्ष ठेवून 'द क्वाएट मॅन' कसा पाहावा

जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेला 'द क्वाएट मॅन' हा 1952 सालचा चित्रपट पाहून उठलेल्या बहुतेक प्रेक्षकांच्या मनात आयर्लंडची हिरवी कुरणे, मॉरीन ओहारा यांचे तांबूस केस आणि शेवटची, शेताशिवारातून गावापर्यंत चालत राहणारी मारामारी एवढेच उरते. मीही पहिल्यांदा तो असाच पाहिला आणि देखणा पण थोडा बाळबोध चित्रपट म्हणून बाजूला ठेवला. पुढे तो पुन्हा पाहताना मी नायकाला सोडून नायिकेच्या, म्हणजे ओहारा यांनी साकारलेल्या मेरी केटच्या मागे राहिलो, तिला भावाकडून हव्या असलेल्या वस्तूंचा हिशेब मनात ठेवत गेलो, आणि तेव्हा त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग एकाच धाग्यात ओवलेला दिसला. त्या पद्धतीने हा चित्रपट पाहू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्यासाठी कथा शेवटापर्यंत सांगावी लागणार आहे, त्यामुळे शेवट आधी कळू नये असे ज्यांना वाटते त्यांनी चित्रपट पाहून मगच पुढे वाचावे.

प्रथम प्रत नीट निवडावी. मूळ चित्रपटाची लांबी 129 मिनिटे आहे. त्याहून बरीच कमी लांबीची प्रत हाती आली तर ती कापलेली आहे असे समजून दुसरी शोधावी. रुंद पडद्याची लाट येण्यापूर्वीचा हा चित्रपट असल्यामुळे त्याची चौकट जवळजवळ चौरस आहे. आपल्या दूरचित्रवाणी संचावर तो डावीकडून उजवीकडे पूर्ण भरलेला दिसत असेल, तर एक तर माणसे ताणलेली आहेत किंवा त्यांच्या डोक्यावरचे आभाळ आणि पायाखालची जमीन छाटली गेली आहे. संचाची मांडणी बदलून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात. रंगांची कसोटी सोपी आहे. मेरी केट पहिल्यांदा दिसते ती झाडांखालून मेंढ्या हाकत जाताना, आणि त्या वेळी तिच्या वस्त्रांचा लाल व निळा रंग आजूबाजूच्या हिरव्यातून उसळून वर यायला हवा. तो मळकट दिसला तर ती प्रत टेक्निकलरची, म्हणजे त्या काळच्या गडद रंगांच्या चित्रपट-पद्धतीची, खरी ओळख करून देणार नाही. विंटन होक आणि आर्ची स्टाउट यांना याच छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळाले आणि फोर्ड यांना दिग्दर्शनाचे चौथे. तेव्हा थोडे शोधावे लागले तरी हरकत नाही. सबटायटल्स लावावीत, कारण गावकऱ्यांचे बोलणे भरभर आणि त्यांच्या खास लयीतले आहे. मात्र एका प्रसंगात ती मुद्दाम गप्प राहतील, त्याविषयी पुढे सांगतो.

बसण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी असावी. मॉरिस वॉल्श यांची मूळ कथा 1933 साली प्रसिद्ध झाली, पटकथा फ्रँक न्यूजंट यांनी लिहिली, आणि फोर्ड यांना हा चित्रपट करण्यासाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागली. रिपब्लिक या कंपनीने अखेर होकार दिला तोही एक अट घालून: आधी त्याच कलावंतांना घेऊन एक वेस्टर्न करून द्यायचा. फोर्ड यांचे आईवडील आयर्लंडच्या पश्चिम भागातून अमेरिकेत गेलेले होते. 1951 च्या उन्हाळ्यात मेयो काउंटीतील काँग हे गाव आणि त्याच्या आसपासचा, गॉलवे काउंटीपर्यंतचा प्रदेश येथे बाह्यचित्रीकरण झाले आणि घरांतले बरेचसे प्रसंग हॉलिवूडच्या स्टुडिओत घेतले गेले. त्यामुळे खऱ्या उन्हातून स्टुडिओच्या दिव्यांत जाणारे काही सांधे डोळ्यांना जाणवतात. त्यांनी हिरमुसून जाऊ नये. चित्रपटातले इनिसफ्री हे गाव परदेशी गेलेल्या माणसांनी मनात जपलेले गाव आहे, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवणे पुढे फार उपयोगी पडते.

कथेचा आरंभ असा. जॉन वेन यांनी साकारलेला शॉन थॉर्नटन हा इनिसफ्रीत जन्मलेला आणि पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत वाढलेला माणूस रेल्वेने गावाकडे परततो आणि जिथे आपला जन्म झाला ते आईचे छोटे घर विकत घेण्याचा निश्चय करतो. घर विधवा टिलेन बाईंच्या मालकीचे आहे आणि त्याला लागून असलेल्या जमिनीचा मालक विल डॅनहर याचाही त्यावर डोळा आहे. घर शॉनला मिळते, विल त्याचा वैरी होतो, आणि शॉनचे मन नेमके विलच्याच बहिणीवर, मेरी केटवर जडते. येथे प्रेक्षकाने एक खूणगाठ बांधावी. शॉन आईच्या आठवणीसाठी दगडामातीचे घर घेतो तेव्हा त्याच्या हळवेपणाचे आपल्याला कौतुक वाटते, आणि चित्रपटही सुरुवातीला पुलावर उभ्या शॉनच्या कानी आईचा आवाज घालून तेच कौतुक आपल्याकडून करवून घेतो. पुढे मेरी केट पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेल्या आपल्या वस्तू मागेल, तेव्हा हेच कौतुक आपण तिला देतो की नाही, हे स्वतःशी तपासत राहावे.

मेरी केटच्या आर्थिक मागणीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मराठी भाषांतर आपण सहज 'हुंडा' असे करतो, आणि तिथेच सारे बिघडते. हुंडा म्हणताच वरपक्षाची हाव, वधूपित्याची लाचारी हे सगळे चित्र उभे राहते आणि मेरी केट स्वतःच हुंड्यासाठी अडून बसलेली पाहून प्रेक्षक चक्रावतो. या चित्रपटापुरता 'स्त्रीधन' हा आपला जुना शब्द मनात धरावा. 350 पौंड आणि घरसामान हे तिचे स्वतःचे आहे, ते भावाच्या ताब्यात अडकले आहे, आणि नवऱ्याला त्यातला एक पैसाही नको आहे. शॉनला ते नको असणे हीच तर अडचण आहे. अमेरिकेत वाढलेल्या त्या भल्या माणसाला वाटते की मला तू हवीस, पैसे नकोत, एवढे म्हटले की प्रश्न मिटला. आणि तिला त्यातून ऐकू येते ते असे की तुझे जे आहे त्याची मला किंमत नाही. लग्नाच्या रात्रीचा त्यांचा संवाद म्हणूनच थांबून, गरज पडली तर मागे जाऊन ऐकावा. लहानपणापासून आपल्या वस्तू आपल्या भोवती असाव्यात, स्पिनेट हे लहानसे पियानोसारखे वाद्य इथे, टेबल तिथे, कपाटात स्वतःची भांडी, हे स्वप्न तिने पाहिलेले आहे आणि त्या वस्तूंत तीनशे वर्षांची स्वप्ने साठलेली आहेत, असे ती सांगते. त्या मिळेपर्यंत आपण या घरात अंगठी घालून वावरू, स्वयंपाक करू, धुणे धुऊ, पण भावाच्या घरी होतो तशीच मोलकरीण राहू, असे तिचे म्हणणे आहे. हा हट्ट नाही, हे कैफियतीसारखे नीट मांडलेले म्हणणे आहे, आणि ओहारा ते बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा लाज अधिक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रमंडळी विलच्या मागे लागून सामान सोडवून आणतात आणि मेरी केट ते घरात लावू लागते. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, आणि नेमका तोच हसण्याच्या गलबल्यात निसटून जातो, कारण आदल्या रात्री मोडलेला पलंग पाहून गावात सोयरीक जुळवणारा मायकलीन जो भलताच अर्थ काढतो त्यावर सर्वांचे लक्ष जाते. पलंग मोडला तो भांडणात, हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला नाही. विनोद उत्तमच आहे. पण एकदा तो हसून झाला की पुढच्या वेळी फक्त मेरी केटच्या चेहऱ्याकडे पाहावे. सामान आले, पैसे आले नाहीत, आणि आनंद ओसरता ओसरता तिच्या ध्यानात येते की अर्धेच मिळाले आहे. उरलेले अर्धे मिळवून देणे हे तिच्या दृष्टीने नवऱ्याचे काम आहे, कारण गावासमोर भावाने नाकारलेली गोष्ट गावासमोरच परत यायला हवी.

आता शॉनची बाजू. तो विलशी का लढत नाही, हे मेरी केटला माहीत नाही आणि बराच वेळ आपल्यालाही सांगितलेले नाही. लग्नाच्या मेजवानीत विलचा ठोसा खाऊन तो कोसळतो तेव्हा भूतकाळातला एक तुकडा दिसतो: मुष्टियुद्धाचा आखाडा, लोळागोळा होऊन पडलेला प्रतिस्पर्धी, आणि आपल्या हातून माणूस मेला हे उमजत जाणारा शॉनचा चेहरा. हा तुकडा जवळजवळ संवादाविना आहे. तो पाहताना आवाज कमी करू नये; त्याआधीचा मेजवानीचा कलकलाट आणि इथली शांतता यांतला फरक ऐकण्यासारखा आहे. यानंतर चित्रपटाच्या नावातला शांतपणा सौम्य स्वभावाचा राहत नाही, एका शपथेचा होतो. वेन यांच्या अभिनयाला नावे ठेवणाऱ्यांनी विल डिवचत असतानाचे त्यांचे हात पाहावेत.

ही गोष्ट शॉन गावात फक्त एका माणसाला सांगतो, ते म्हणजे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक प्लेफेअर. त्यांना मुष्टियुद्धाची जाण आहे आणि त्यांनी शॉनला ओळखलेले आहे. मेरी केट आपले दुःख नेऊन सांगते ती नदीत मासेमारी करत उभ्या असलेल्या फादर लॉनर्गन यांना, आणि नवऱ्याबरोबर अजून संसार सुरू झालेला नाही हे लाजेने इंग्रजीत न बोलता आयरिश भाषेत सांगते. सबटायटल्स गप्प राहतात ती येथे. शब्द कळले नाहीत म्हणून अस्वस्थ होण्याचे कारण नाही. तिच्या आणि फादरच्या चेहऱ्यांवरून सारे कळते, आणि जे तिला चारचौघांच्या भाषेत सांगवत नाही ते आपल्यालाही चोरूनच कळावे अशी त्या प्रसंगाची रचना आहे. हे दोन कबुलीजबाब एकामागोमाग एक पाहिले म्हणजे दिसते की नवरा-बायको प्रत्येकी एका परक्या माणसाला जे सांगतात, तेच एकमेकांना सांगू शकत नाहीत. विनोदी प्रेमकथेतला अडथळा याहून साधा आणि याहून खरा असू शकत नाही.

गावाच्या रिवाजांचा भाग मात्र आनंदाने, फार विचार न करता पाहावा. बॅरी फिट्झजेराल्ड यांनी रंगवलेला मायकलीन हा सोयरीक जुळवणारा मध्यस्थ आहे, आणि गावाच्या नियमांप्रमाणे विलच्या संमतीवाचून काहीच हलत नाही. म्हणून फादर, प्लेफेअर दांपत्य आणि मायकलीन मिळून विलच्या मनात भरवतात की घरात दुसरी बाई नसती तर टिलेन बाईंनी त्याच्याशी लग्न केले असते. समुद्रकाठच्या घोड्यांच्या शर्यतीत हा कट पिकतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की मेरी केटचे लग्न एका थापेवर उभे राहते, आणि मेजवानीत ती थाप उघडी पडते तेव्हा चिडलेला विल तिचे पैसे अडवून धरतो. म्हणजे सर्वांनी मिळून केलेल्या चतुराईची किंमत एकट्या तिला मोजावी लागते. शर्यतीनंतर, पण लग्नाआधी, मायकलीनच्या देखरेखीखाली, घोडागाडीच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या जोडप्याचे दृश्य येते, आणि तिथून ते सायकलवरून पळ काढून वादळात सापडलेल्या दफनभूमीत पोहोचतात. पाऊस, गारठलेले अंग, कोणीही शब्द न बोलता घेतलेले चुंबन. याच्याशी जोडून त्याआधीची वाऱ्याची रात्र आठवावी, जेव्हा शॉनला आपल्या रिकाम्या घराच्या धुराड्यातून धूर येताना दिसतो आणि आत मेरी केट केर काढत असते. दोन्ही प्रसंगांत फोर्ड वाऱ्याला बोलू देतात. दोन दिवसांत चित्रपट पाहायचा असेल तर दफनभूमीच्या प्रसंगानंतर थांबणे सर्वांत सोयीचे.

आता सर्वांत अवघड भाग. अंतर थोडे मिटते, एक रात्र दोघे जवळ येतात, आणि सकाळी मेरी केट डब्लिनच्या गाडीत बसायला निघून जाते, कारण ज्याची लाज वाटते अशा माणसावर प्रेम करत राहणे तिला शक्य नाही. शॉन तिला गाडीतून उतरवतो आणि पाच मैल ओढत, फरफटत इनिसफ्रीकडे नेतो. मागे सारा गाव जत्रेसारखा चालतो, आणि वाटेत एक बाई बायकोला मारण्यासाठी काठीसुद्धा पुढे करते. हे दृश्य हसत हसत पुढे ढकलू नये. त्या काळी असे चालायचे, असे म्हणून त्यावर पांघरूण घालू नये, आणि त्यापायी चित्रपट अर्धवट बंदही करू नये. मला ती काठी आजही विनोदी वाटत नाही आणि ती नसती तर चित्रपट उणावला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही या पाच मैलांच्या शेवटी काय घडते ते पाहणे आवश्यक आहे. मळणीयंत्राजवळ शॉन विलला सांगतो की पैसे दिले नाहीत तर लग्न मोडले, तुमच्याच रिवाजाप्रमाणे. म्हणजे ज्या रिवाजाला तो आतापर्यंत तुच्छ मानत होता, त्याच रिवाजाच्या भाषेत तो पहिल्यांदा बोलतो. विल पैसे देतो. आणि मग मेरी केट, कोणी काही न सांगता, भट्टीचे दार उघडते आणि शॉन ते पैसे आत टाकतो.

या कृतीचा अर्थ लावताना प्रेक्षकांत नेहमी वाद होतो, आणि तो व्हावाच. काही जण म्हणतात की तिला पैसे नकोच होते, मग एवढे सगळे कशासाठी? त्यांना उत्तर देताना दार कोणी उघडले हे विचारावे. पैसे तिच्या हक्काचे म्हणून परत आले, आणि हक्काची वस्तू जाळून टाकण्याचा अधिकारही तिचाच. शॉनच्या आधीच्या नकारावरच विषय मिटला असता तर ती नवऱ्याची उदारता ठरली असती. आता तो दोघांनी मिळून घेतलेला निर्णय आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: भट्टीत नोटा जातात, खुर्च्या आणि स्पिनेट घरीच असतात. यानंतर ती रात्रीचे जेवण तयार ठेवते असे सांगून ताठ मानेने, एकटी घराकडे चालू लागते. इथे तिला कोणी ओढत नाही, आणि गर्दी तिला वाट करून देते.

त्यानंतरची मारामारी हा मग एक मोकळा झालेला श्वास आहे. ती लांब आहे, मध्ये पेयपानासाठी थांबते, लोक पैजा लावतात, आणि तिच्यात कुणाच्या जिंकण्याला फारसे महत्त्व उरत नाही. येथे नायकांकडे कमी आणि चौकटीच्या कडांकडे अधिक पाहावे: धावणारे गावकरी, धर्मोपदेशक, अंथरुणातून उठून आलेला मरणोन्मुख म्हातारा. या म्हाताऱ्याचे काम दिग्दर्शकाचे थोरले बंधू फ्रान्सिस फोर्ड यांनी केले आहे. बॅरी फिट्झजेराल्ड आणि प्लेफेअर झालेले आर्थर शील्ड्स हेही सख्खे भाऊ, दोघेही डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये तयार झालेले. चित्रपटात दिसणाऱ्या गावपणात या खऱ्या नात्यांचा वाटा असावा असे मला नेहमी वाटते.

कुटुंबासह किंवा मित्रांना हा चित्रपट दाखवायचा असेल तर आधी मोठे भाषण देऊ नये. स्त्रीधनाविषयीचे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. लहान मुले असतील तर ओढत नेण्याच्या प्रसंगाविषयी नंतर त्यांच्याशी बोलण्याची तयारी ठेवावी, आणि मारामारी सुरू झाल्यावर कोणी जेवण वाढायला उठू नये, कारण जेवणाचा प्रसंग पडद्यावरच येणार आहे: शॉन आणि विल गळ्यात गळे घालून, गात घरी येतात आणि मेरी केटने मांडून ठेवलेल्या टेबलाशी बसतात. त्या वेळी ते कुणाच्या टेबलाशी आणि कुणाच्या खुर्च्यांवर बसले आहेत, हे शेजारच्याला हळूच विचारून पाहावे.

अगदी शेवटी मेरी केट शॉनच्या कानात काहीतरी कुजबुजते, आणि ते ऐकून तो चकित होऊन तिच्याकडे पाहतो. ते शब्द फोर्ड यांनी ओहारा यांना सांगितले होते, वेन यांना त्यांची आधी कल्पना नव्हती, आणि ओहारा यांनी ते कधीही उघड केले नाहीत. आवाज वाढवून, ओठ वाचून ते शोधण्याच्या खटपटीत पडू नये. त्याऐवजी वेन यांचा चेहरा पाहावा आणि मग ती दोघे आपल्या घराकडे कशी पळतात ते पाहावे.